अर्धे केलेले दाणे

"आजोबांना सांग ठमे, तुझ्या भावाला दात आलेत म्हणावं आता!"

दारातून आत येता येता, खांद्यावरची पिशवीसुद्धा न काढता तिने हे वाक्य फेकलं. नाव मुलीचं होतं, पण नेम होता तो ओट्यापाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या पाठीवर. पाठ किंचित हलली. वळली मात्र नाही.

"तुझ्या आईला सांग," पाठीकडून उत्तर आलं, "दात आलेत, पण दाढा कुठे आल्यात? दात नुसते तोडतात, दळायचं काम दाढांचं. भोपळ्याची गिरणी बसायचीय अजून."

"आई, भोपळ्याची गिरणी बसायचीय!" ठमीने इमानदारीने निरोप पोचवला आणि स्वतःच खिदळली. उंच खुर्चीत अडकवून बसवलेल्या गुबगुबीत भोपळ्यालाही आपल्यावर काहीतरी विनोद झाल्याचा अंदाज आला असावा. त्याने चमचा आपटून दाद दिली.

वर्षभर त्या घरात हे असंच चाललं होतं. बाप-लेक बोलायचे ते पोरांच्या खांद्यावर बंदूक ठेवून. तिने त्यांना 'बाबा' म्हणून हाक मारली नव्हती, त्यांनी तिला नावाने बोलावलं नव्हतं. ते 'आजोबा' होते आणि ती 'तुझी आई' होती, आणि मधल्या त्या दोन चिमुकल्या जिवांवरून दिवसभराचे सगळे निरोप ये-जा करत होते.

ओट्यावर सोयाबीनच्या कोवळ्या हिरव्या शेंगांचं त्यांचं नेहमीचं काम चालू होतं. आधी कात्रीने प्रत्येक शेंगेची दोन्ही टोकं उडवायची, म्हणजे मिठाचं पाणी आतवर शिरतं. मग मूठभर मीठ लावून दोन्ही तळव्यांत शेंगा अशा चोळायच्या की वरची लव निघून जावी. मग उकळत्या पाण्यात, झाकण न ठेवता शिजवायच्या, कारण झाकलं की हिरवा रंग मरतो. निथळून परातीत पसरल्या की जुन्या पुठ्ठ्याने वारा घालायचा. ठमीला अख्ख्या शेंगा मिळत. शेंग ओठांशी धरून दाबली की दाणा टुणकन तोंडात, आणि साल ताटलीत! भोपळ्यासाठी मात्र ते एकेक दाणा काढत, त्यावरचं पातळ साल सोडवत, दाण्याचे दोन भाग करत आणि प्रत्येक भाग चिमटीत दाबून पीठ होईस्तोवर मऊ करत. जन्म चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात गेलेला. त्यामुळे सोललेला दाणासुद्धा ते आधी उजेडात धरून बघायचे.

आणि त्यांचा एक नियम होता. खाताना ते दोन्ही पोरांच्या मध्ये खुर्ची टाकून बसत. ठमीचा हात भावाच्या ताटलीकडे गेला रे गेला की तो हळूच बाजूला करत.

"तू तुझं खा, राणी. त्याच्या तोंडात तू नाही घालायचं काही."

"पण मी त्याची ताई आहे!"

"म्हणूनच. ताईने गाणं म्हणायचं. भरवायचं काम माझं."

तिला हे बघून चीड यायची. सगळं प्रेम स्वतःच्याच हातून जायला हवं यांना! ज्याच्या हातून एक लेकरू गेलं, त्याने भरवण्याचा मक्ता घ्यावा, याला काय म्हणायचं!

कारण तिला एक भाऊ होता. ती चार वर्षांची असताना तो गेला. तिला त्याचा चेहरा आठवत नव्हता, आवाज आठवत नव्हता, आठवत होतं ते आईचं एक वाक्य, जे ऐकत ती मोठी झाली होती: "तुझ्या बापाने बेफिकिरीने घास भरवला आणि माझं लेकरू गुदमरून गेलं." त्यानंतर बापाने घर सोडलं. आईने एकटीने तिला वाढवलं. रोज रात्री तिला पोटाशी घेऊन ती झोपायची आणि झोपेत दचकून तिच्या नाकाशी बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना म्हणून... अशा आईच्या कुशीत वाढलेल्या मुलीने त्या माणसाला क्षमा करावी तरी कशी?

गेल्या वर्षी मात्र नवऱ्याची बदली दूरच्या पुलाच्या बांधकामावर झाली, पाळणाघर बंद पडलं, रजा संपल्या. नवऱ्यानेच सासऱ्याचा पत्ता शोधून काढला. "तू बोलू नकोस त्यांच्याशी," तो म्हणाला होता, "पण पोरांना आजोबा असायला काय हरकत आहे?" अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मनाशी म्हणत तिने दार उघडलं. आणि त्याच दिवशी आईने ते दार स्वतःसाठी बंद करून घेतलं. "ज्या घरात तो माणूस माझ्या नातवंडांना घास भरवतो, त्या घरात मी पाण्याचा थेंब घेणार नाही!"

पहिले काही आठवडे ती कामावरून मध्येच धावत येऊन दाराच्या फटीतून बघायची. मग सवय झाली. या शेंगा घरात आल्या त्याही ठमीमुळेच. मैत्रिणीकडे खाऊन आली आणि हट्ट धरून बसली. पाकिटावरचं 'एडामामे' हे नाव तिने जोरजोरात 'वेडा मामा' असं वाचलं आणि आजोबांपुढे नाचवलं, "आजोबा, मामाच्या शेंगा! मामाच्या शेंगा!" तेव्हा त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली होती. चेहरा राखेसारखा. तिला वाटलं, घेरी आली असावी. काही क्षणांनी ते ठमीलाच म्हणाले, "तुझ्या आईला सांग, आणल्यात तर आणल्यात. पण या घरात या शेंगा मी करणार. दुसऱ्या कुणी नाही."

तर त्या संध्याकाळी सगळं रोजच्यासारखंच झालं. भोपळ्याने वाटी चाटूनपुसून संपवली. आजोबांनी सालं गोळा केली, ओटा पुसला, बुटांची नाडी बांधायला वाकले आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकलेलेच राहिले. तिने ते पाहिलं. 'बरं वाटतंय ना?' हा प्रश्न ओठांपर्यंत आलाही. पण तो विचारायचा तर कुणाच्या तरी नावाने विचारावा लागला असता, आणि ठमी तर न्हाणीघरात होती...

शेवटी ती भिंतीकडे बघत म्हणाली, "जिन्यातला दिवा गेलाय."

"हो, बघितलं," ते म्हणाले. आणि कठड्याला धरून हळूहळू उतरत गेले.

*

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर तिचं काम. दिवसभर लोकांच्या तक्रारी कानात ओतून घ्यायच्या आणि आवाज चढू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा आलेच नाहीत, म्हणून पोरांना शेजारी ठेवून ती कामावर आली. फोन वाजला तेव्हा तिने तोंडपाठ वाक्य म्हटलं, "नमस्कार, तक्रार सांगा."

"तक्रार नाही हो बाई," पलीकडे एक बाई रडत होती, "मी त्यांची घरमालकीण... तुमचे वडील... दार वाजवलं, उघडेनात... खुर्चीतच बसलेले होते हो, बूट घालून..."

तिने शांतपणे पेन उचललं. "पत्ता सांगा," ती म्हणाली. पलीकडून पत्ता आला, तिने तो लिहूनही घेतला. "माणूस पाठवते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "काय गं, पाइप फुटला का कुठे?" तेव्हा ती म्हणाली, "नाही. वडील वारले." स्वतःच्या तोंडून बाहेर पडलेला तो शब्द तिने जणू दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकावा तसा ऐकला. वडील! कुणाचे वडील?

दवाखान्यातल्या थंडगार खोलीत तिने त्यांना पाहिलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसावा. नवरा निघाला होता, पण दुसऱ्या दिवसाआधी पोचणार नव्हता. तोवर त्यांना तिथेच ठेवायचं ठरलं. तिला रडू आलं नाही. डोळे कोरडे, हात गार, आणि डोक्यात जिन्यातला तो गेलेला दिवा, एवढंच.

दुपारी आत्या आली. वडिलांची धाकटी बहीण. वर्षाकाठी एखाद्या फोनपुरतं नातं. तिने आल्या आल्या तिला मिठी मारली, आणि ती लाकडासारखी उभी राहिली.

पोरं मात्र भुकेली होती. ठमीने दूध लोटलं, पाव लोटला. "मला मामाच्या शेंगा हव्यात. आजोबा कधी येणार?" 

"मी करते," ती म्हणाली.

तिने शेंगा उकळल्या. टोकं कापायची राहिली, झाकण ठेवलं गेलं, रंग काळपट उतरला. दाणे काढून तिने तशीच वाटी टेबलावर ठेवली. फोन वाजला म्हणून ती वळली. आई होती.

"गेला म्हणे?" आईचा आवाज कापल्यासारखा सरळ होता. "येतेय मी. आता तुझ्या घरी यायला हरकत नाही."

तिने फोन ठेवला आणि मागे पाहिलं.

दोन्ही पोरांच्या मधली खुर्ची रिकामी होती. ठमी खुर्चीवरून वाकून भावाच्या अगदी जवळ गेली होती. तिच्या चिमटीत एक टपोरा, अख्खा दाणा होता आणि चेहऱ्यावर अपार माया. "आ कर राजा... आ..." भोपळ्याने आनंदाने तोंड उघडलं. दाणा आत गेला.

तिला कळलंच नाही ती टेबलापर्यंत कशी पोचली. बोट त्याच्या तोंडात, गालाच्या आतून, जिभेवरून... दाणा सापडला, बाहेर आला, जमिनीवर पडला. भोपळ्या किंचाळून रडू लागला. रडतोय! म्हणजे श्वास आहे! आणि मग इतक्या तासांची कोंडलेली वाफ भलत्याच जागी फुटली. तिने ठमीचा दंड धरला आणि हात उगारला.

"मारून टाकणार होतीस त्याला! आजोबांचं रक्त ना! त्यांनी एक मारला, तू दुसरा..."

तो हात खाली आलाच नाही. आत्याने मनगट हवेतच पकडलं होतं. त्या वाळक्या बोटांत एवढं बळ असेल असं तिला कधी वाटलं नसतं.

"हात लावू नकोस पोरीला!" आत्या ओरडली. "तुला लावला होता का कुणी? तुला लावला होता का कुणी हात?"

खोलीत फक्त भोपळ्याचं रडणं उरलं.

"मला?" ती म्हणाली. "मला कशाला?"

आत्याच्या तोंडावरचा रंग उडाला. निसटलेला शब्द परत गिळता आला तर गिळावा तसे तिचे ओठ मिटले. 

"आत्या. मला कशाला हात लावायचा होता?"

"काही नाही गं... रागाच्या भरात..."

"आत्या!"

आत्या त्या मधल्या रिकाम्या खुर्चीत मटकन बसली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, गुंडाळलं. मग जमिनीवरच्या त्या दाण्याकडे बघत बोलू लागली.

"मी तेव्हा शिकायला तुमच्याकडे राहत होते. वहिनी कामावरून यायची होती. दादाची सुट्टी होती, त्याने ह्याच शेंगा उकडल्या होत्या. तुझ्या फार आवडीच्या. दाराशी कुणीतरी आलं म्हणून तो उठला. अगं, दारापर्यंत जाऊन परत यायला कितीसा वेळ लागतो? मी आतून पाणी घेऊन येत होते... तू दाणा काढलास, आणि भावाच्या तोंडात घातलास. 'आ कर' म्हणालीस. तोही असाच हसला..."

"नाही," ती म्हणाली.

"दादाने त्याला उलटा धरला, पाठीवर थापट्या मारल्या, उचलून दवाखान्याकडे अनवाणी धावला. पण वाटेतच... वहिनी आली ती सरळ तिथे. तिने एकच विचारलं, 'कुणी दिला दाणा?' माझ्या तोंडात आलं होतं गं... पण त्याआधी दादा म्हणाला, 'मी.' बस्स! एवढंच. 'मी दिला. माझं लक्ष नव्हतं.'"

"का?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"मी पण विचारलं, का खोटं बोललास? तर म्हणाला, 'ती मला कधी क्षमा करणार नाही, ते मी सोसेन. पण पोरीकडे तिने एकदा जरी तशा नजरेने पाहिलं, तर पोर जन्मभर त्या नजरेत जगेल. पोरीला आई हवी.' मला शपथ घातली. तू तर दुसऱ्या दिवशी 'बाळ कुठंय, बाळ कुठंय' म्हणून मलाच विचारत होतीस. तुला काहीच कळलं नव्हतं. ते तसंच राहावं म्हणून तर तो घराबाहेर पडला."

ती जमिनीवर बसली. बसली की कोसळली, कोण जाणे. तिच्या समोर ठमी भिंतीला चिकटून उभी होती, डोळे विस्फारून, उगारलेल्या हाताची वाट बघत.

आणि त्या क्षणी, विजेच्या लखलखाटात सगळा परिसर एकदम उजळून दिसावा तसं तिला दिसलं! ते मधे खुर्ची टाकून बसत ते ठमीपासून भोपळ्याला वाचवायला नव्हे. ते ठमीला वाचवत होते! रोज, प्रत्येक घासाला, त्या चिमुकल्या हाताला हळूच बाजूला सारत... आपल्या मुलीच्या बाबतीत जे राहून गेलं, ते मुलीच्या मुलीच्या बाबतीत ते डोळ्यांत तेल घालून करत होते. आणि ती दारातून ओरडत होती, दात आलेत म्हणावं आता!

"ये इकडे," ती ठमीला म्हणाली. 

ठमी आली नाही.

मग तीच गुडघ्यांवर सरकत गेली. ते लहानसं, ताठरलेलं अंग तिने छातीशी घेतलं. "तू काही केलं नाहीस, राणी. तू त्याला खाऊ देत होतीस. तुझी काही चूक नाही. ऐकलंस? काही चूक नाही..." ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली, इतक्यांदा की ठमीने शेवटी रडू थांबवून विचारलं, "आई, तू कुणाला सांगतेयस?"

*

आई आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. चार जिने चढून तिचे गुडघे बोलत होते. उंबऱ्यावर ती क्षणभर थांबली, वर्षभराने पाय ठेवायचा म्हणून, आणि मग आत आली.

तिकडे स्वयंपाकघरात आत्याने भाचीचा हात धरून ठेवला होता. "सांगू नकोस तिला," ती कुजबुजली, "दादाने अख्खं आयुष्य दिलंय त्यासाठी. मातीमोल करू नकोस. वहिनीचं वय झालंय... आणि तुझ्याकडे ती त्या नजरेने बघेल गं!"

बघेल. हेच तर भय होतं. लहानपणापासून तिला आईवाचून कुणी नव्हतं. ती ज्या कुशीत वाढली ती कूस आत्ता बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून धापा टाकत होती. गप्प राहिलं तर सगळं जसंच्या तसं राहणार होतं. वडील उद्या दोषी म्हणूनच जाणार होते. त्यांची तशीच इच्छा होती...

तिने हात सोडवून घेतला आणि बाहेर आली.

"ये," आई म्हणाली. तिने मुलीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. "किती सुकलीस. सुटलीस बाई. सगळ्याच सुटलो. माझं लेकरू खाऊन एवढी वर्षं जगला तो माणूस! आता तरी..."

"आई, तो दाणा मी भरवला होता."

"कुठला दाणा?"

"बाळाला. त्या दिवशी. ते दाराशी गेले होते. मी भरवला."

आईचे हात तिच्या गालांवर तसेच राहिले. "काय बरळतेस! धक्का बसलाय तुला. चार वर्षांची होतीस तू, तुला काय आठवणार?"

"मला नाही आठवत. आत्याने पाहिलंय."

आईने मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी होती. तिच्या डोळ्यांना नुसत्या धारा लागल्या होत्या, आणि तिने होकारार्थी मान हलवली.

आईचे हात गालांवरून खाली आले.

तसा क्षण तिने आयुष्यात कधी अनुभवला नव्हता. आईची नजर तिच्यावर होती, आणि त्या नजरेत ती नजर उगवताना तिला दिसली, हो, दिसली! ज्या नजरेपासून वाचवायला एक माणूस जन्मभर एका खोलीत एकटा राहिला, तीच. तिने मान खाली घातली नाही. असू दे, तिला वाटलं. माझ्या वाटणीची आहे.

मग आईचे ओठ हलले. "मग ते..." ती म्हणाली आणि थांबली. इतक्या वर्षांचा 'तो माणूस' तिच्या जिभेवरून कधी गळून पडला, तिलाही कळलं नसावं. "मग त्यांनी... मला का नाही... मी त्यांना काय काय बोलले गं! दवाखान्यात, सगळ्यांसमोर... मी त्यांच्या तोंडावर थुंकले होते! त्यांनी एक शब्द... एक शब्द नाही..."

"तू मला पोटाशी घेऊन झोपावंस, म्हणून."

आईच्या घशातून एक आवाज आला. रडण्याचा नव्हता, फार आत काहीतरी तुटल्याचा होता. तिने चाचपडत हात पुढे केला. कितीतरी वेळ तो हात हवेत घुटमळला, जणू मुलीपर्यंतचं अंतर त्याला ठाऊक नव्हतं... आणि अखेर मुलीच्या डोक्यावर आला. तिथेच राहिला.

"कुठे ठेवलंय त्यांना?" आईने विचारलं. 

"दवाखान्यात. उद्यापर्यंत."

"मला ने." तिने टेबलाचा आधार घेऊन उठायचा प्रयत्न केला. "आत्ता ने. मला त्यांचे पाय... मला एकदा बघू दे. मी त्यांना काय म्हणू गं? आता काय म्हणू?"

तिने आईच्या कमरेभोवती हात घातला आणि तिला उभं केलं. दोघीही एकमेकींच्या आधाराने कशाबशा उभ्या होत्या. सकाळपासून कोरडे राहिलेले तिचे डोळे आता भरून वाहू लागले, आणि जे लहानपणी शाळेत, मैत्रिणींत, लग्नात, या घरात कधीच कुणापाशी म्हणता आलं नव्हतं, ते तिच्या तोंडून लहान मुलीच्या आवाजात, हुंदक्यांनी तुटत तुटत बाहेर आलं,

"माझे बाबा चांगले होते, आई... माझे बाबा फार चांगले होते!"